त्याले न्यावं कुठं?

मूर्तिजापूरहून, दर्यापूरहून, चांदूर बाजारहून लेकी-सुना नवऱ्याच्या दारूपायी माझ्याकडे येतात आणि नीट बसायच्याही आधी विचारतात, "माय, त्याले न्यावं कुठं?" सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून माझं आयुष्य गेलं, म्हणून मला पत्ता ठाऊक असणार असं त्यांना वाटतं. पत्ता मी सांगतेच. पण पोरी, त्याआधी हे समजून घे की कुठं न्यायचं हा दुसरा प्रश्न आहे. आज त्याच्या अंगाला कशाची गरज आहे, हा पहिला. दारू अंगातून उतरवणं हे एक काम. तिची ओढ आवरणं हे दुसरं. आणि दारूशिवाय पुढचं वर्ष काढणं हे तिसरं, ते सगळ्यात लांबचं. या तिन्ही कामांना माणसं वेगळी लागतात, जागा वेगळी लागते आणि वेळही वेगळा लागतो. "महिनाभर कुठंतरी टाकून देऊ, सुधरून येईल," असं म्हणून घरचे तिन्ही कामं एकाच महिन्यावर सोडून देतात. पैसा इथंच बुडतो, आणि माणूसही.

बोलायचं कधी, तर सकाळी. रात्री तो पिऊन आल्यावर केलेलं भांडण त्याला सकाळी आठवतही नाही. तुझी मात्र झोप जाते आणि लेकरं घाबरून जागी राहतात. सकाळी चहाच्या वेळी तो शुद्धीवर असतो, थोडा ओशाळलेलाही असतो. तेव्हा दारूचं नाव न काढता जे डोळ्यांना दिसतं ते बोल. "तुमचे हात कापतात, जेवण जात नाही, रात्री झोप नाही, एकदा डॉक्टरला दाखवू." यात खोटं काहीच नाही. दारुड्या म्हटलं की तो उठून जातो. हात कापतात म्हटलं तर तो स्वतःच्या हातांकडे बघतो. "कायले मानसोपचारवाल्याकडे नेता, मी काय पागल आहो काय?" असं तो म्हणेल, सगळेच म्हणतात. त्यावर वाद घालू नको. झोपेचा आणि हात कापण्याचा इलाज तेच डॉक्टर करतात, एवढं सांग आणि सोबत चल.

आता जे सांगते ते नीट ऐक, कारण याच्यापायी माणसं जिवानिशी जातात. सकाळपासून रोज पिणाऱ्यानं एका दिवसात दारू बंद केली तर अंग ते सोसत नाही. पहिल्या सहा तासांपासून दिवसभरात हात कापणं, घाम, उलट्या, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर मुंग्या दिसून राह्यल्या म्हणतात, कोणी मारायले येऊन राह्यलं म्हणून घराबाहेर पळतात, बायकोलाही ओळखत नाहीत. घरच्यांना वाटतं बाहेरची बाधा झाली, आणि ते त्याला गाडीत घालून भगताकडे नेतात. पोरी, ती बाधा नसते. डॉक्टरांच्या भाषेत त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर त्यात माणूस दगावतो. म्हणून घरच्यांनी मिळून त्याला खोलीत कोंडायचं, चार दिवस तडफडू द्यायचं, हा उपाय कोणी कितीही छातीठोकपणे सांगितला तरी करू नको. त्यानं स्वतःच शपथ घेऊन आजपासून बंद केली तरी त्याच दिवशी डॉक्टरला दाखव.

कोणाला ॲडमिट करावंच लागतं, तेही सांगते. ज्याला आधी कधी दारू सोडताना फिट आली किंवा भ्रम झाला होता. जो सकाळी डोळे उघडताच पितो. ज्याला कावीळ आहे, पोटात पाणी झालंय, साखर किंवा हृदयाचा त्रास आहे. ज्याचं वय झालंय. आणि ज्याच्याजवळ रात्री बसायला घरात कोणी नाही. बाकीच्यांना डॉक्टर घरी राहूनही गोळ्या देऊ शकतात; पण गोळ्या तुझ्या हातात ठेव, रोजच्या रोज मोजून दे आणि त्यावर दारू पडणार नाही हे बघ. त्या गोळ्या, लिब्रियमसारख्या, दारूची जागा तात्पुरती घेतात आणि रोज थोड्या कमी करत साधारण आठवड्या-दहा दिवसांत बंद होतात. बऱ्या वाटल्या म्हणून मेडिकलमधून परस्पर आणत राहिलं तर त्यांचीच सवय लागते. एक व्यसन जाऊन दुसरं घरात येतं.

फिट आली तर त्याला कुशीवर वळव, आजूबाजूचं टोकदार सामान दूर कर आणि 108 ला फोन कर. तोंडात चमचा घालू नये, पाणी पाजू नये, चप्पल किंवा कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये.

सलाईनची गोष्टही इथंच सांगून टाकते. आपल्याकडे पिऊन पडलेल्या माणसाला गावातच एक बाटली लावायची पद्धत आहे. तरतरी येते, म्हणून घरचे खूश होतात. पण वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात बी-वन जीवनसत्त्व फार कमी झालेलं असतं, आणि त्या स्थितीत आधी बी-वन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. चाल अडखळते, डोळे तिरके होतात, पुढं आठवण जाते. म्हणून सलाईन लावणाऱ्याला विचार, "बी-वनचं इंजेक्शन दिलं काय?" विचारायला लाजू नको.

आणि माणूस कोणत्याही कारणानं दवाखान्यात दाखल होवो, पाय मोडून होवो की हर्नियाच्या ऑपरेशनला होवो, तो रोज पितो हे केसपेपर काढतानाच सांग. अब्रू जाईल म्हणून घरचे लपवतात. तिसऱ्या दिवशी हाडाच्या वॉर्डात तो सलाईन उपटून पळायला लागतो, आणि बिचाऱ्या डॉक्टरांना कारण शोधत बसावं लागतं.

आता पत्ता. अमरावतीला जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, ज्याला आपण अजून इर्विनच म्हणतो. अकोल्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, म्हणजे आपलं सर्वोपचार. अमरावतीतच पंजाबराव देशमुखांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी मानसोपचार विभागात जायचं. सरकारीत खर्च नाममात्र असतो. तालुक्याच्या ठिकाणी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं ठरलेल्या दिवशी येतात का, याची चौकशी ग्रामीण रुग्णालयात कर. तुझं एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी वाचेल. घरून निघताच येत नसेल तर फोन आहे. 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा केंद्र सरकारचा क्रमांक, आणि 14416 हा मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस सेवेचा. दोन्ही मोफत आहेत, आणि टेलिमानसवर मराठीत बोलता येतं. तो यायला तयार नसेल तर तू एकटी जा, किंवा तूच फोन लाव. पिणारा आलाच नाही तरी घरच्या माणसाला काय करावं, काय करू नये हे शिकवणं हाही उपचाराचाच भाग आहे, आणि घरचं वागणं बदललं की पुष्कळदा चार-सहा महिन्यांनी तोही पायरी चढतो.

केंद्र सरकारसाठी एम्सच्या डॉक्टरांनी देशभर पाहणी केली होती, तिचा अहवाल 2019 साली आला. दारूच्या आहारी गेलेल्या 38 माणसांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाले होते, असं त्यात निघालं. उरलेल्या सदतीस जणांच्या घरी काय चाललेलं असतं ते मला आकडा न वाचताही ठाऊक आहे. शपथा चाललेल्या असतात, गंडेदोरे चाललेले असतात, आणि पुड्या.

त्या पुड्यांबद्दल मला मनापासून चीड आहे. "न सांगता दारू सोडवा" अशा जाहिराती गावोगावच्या भिंतींवर असतात. पूड भाजीत टाका, चहात टाका, त्याला कळणारही नाही. पुडीत काय आहे ते तुला माहीत नसतं, देणाराही सांगत नाही. दारूसोबत घेतलं की त्रास देणारं एक खरं औषध आहे, डायसल्फिराम. 1940 च्या दशकात डेन्मार्कमध्ये त्याचा हा गुण लक्षात आला. ते घेतलेल्या माणसाच्या पोटात दारू गेली की चेहरा लालबुंद होतो, डोकं फुटायला येतं, उलट्या होतात, रक्तदाब खाली जातो. हृदय कमजोर असेल तर जीवही जाऊ शकतो. हे औषध उपयोगी आहे, पण ज्याला सगळं समजावून सांगितलंय आणि जो स्वतःच्या हातानं रोज सकाळी तुझ्यासमोर गोळी घेतो, त्यालाच. चोरून दिलं तर तू त्याच्या अन्नात विष कालवल्यासारखं होईल, आणि पुढं त्याला कळलं की तुझ्या हातचं पाणीही तो संशयानं पिईल. औषध चालू असताना आणि बंद केल्यावरही दोन आठवडे दारू चालत नाही, हे त्यालाही पाठ असायला हवं. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषधसुद्धा विचारूनच घ्यायचं.

ओढ कमी करणारी औषधं निराळी. नाल्ट्रेक्सोन घेतलेल्या माणसाला दारू प्यायली तरी पूर्वीची मजा येत नाही. सुरू करण्याआधी लिव्हरची तपासणी हवी, आणि अफूच्या जातीची दुखण्याची औषधं, म्हणजे ट्रामाडोलसारख्या गोळ्या चालू असतील तर ते देत नाहीत. ॲकॅम्प्रोसेट दिवसातून तीनदा घ्यावी लागते, त्यासाठी किडनी बघतात. लिव्हर बिघडलेल्यांना डॉक्टर कधी बॅक्लोफेन देतात. यातलं कोणतं द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. तू फक्त हे लक्षात ठेव की ही औषधं महिनाभराची नसतात, सहा महिने ते वर्षभर चालतात. "आता बरा आहे, कायले गोळ्या?" असं म्हणून सासूबाई बंद करायला लावतील. तेव्हा डॉक्टरांचं नाव पुढं कर.

राहून उपचार घेण्याचं केंद्र हे याच्या नंतर येतं, आणि सगळ्यांना ते लागतंही नाही. नोकरी टिकून आहे, घरचा आधार आहे, अंगातली दारू नीट उतरली आहे, असा माणूस ओपीडीत येऊनजाऊनही बरा होतो. घरात राहून दोन-तीनदा प्रयत्न फसलेत, किंवा घरासमोरच भट्टी आहे आणि पाच मित्र रोज हाक मारतात, अशांना मात्र महिनाभर दूर राहिल्यानं फायदा होतो. चांगलं केंद्र कसं असतं याचं माप मी पुण्याच्या मुक्तांगणवरून घेते. 29 ऑगस्ट 1986 रोजी, गर्दच्या नशेच्या लाटेत पोरं बुडत होती तेव्हा, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते येरवड्याला सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी पैसा दिला. तिथं पस्तीस दिवस ठेवून घेण्याची रीत रुजली. आणि मला जास्त मोलाचं वाटतं ते असं की घरी गेलेल्या माणसाचा पाठपुरावा करणं आणि त्याच्या बायकोला वेगळं बसवून तिचं ऐकणं, हे दोन्ही त्यांनी उपचारातच धरलं. बरे झालेले रुग्णच तिथं कार्यकर्ते होतात. मारहाण नाही, कोंडणं नाही.

आपल्या भागात केंद्र निवडताना हे माप हातात ठेव. आधी स्वतः जाऊन बघून ये. मानसोपचार तज्ज्ञ कोण, ते आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री फिट आली तर कोण आहे? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मनाचे आजारही मोडतात, त्यामुळे केंद्राची नोंदणी आहे का ते विचार आणि कागद डोळ्यांनी बघ. संडास बघ, स्वयंपाकघर बघ, तिथं असलेल्या माणसांशी दोन शब्द बोल. आठवड्याला भेटू देतात का, फोनवर बोलू देतात का? एकूण पैसे किती, ते लेखी घे. आणि घरी गेल्यावर पुढं काय, हा प्रश्न विचारून त्यांच्या तोंडाकडे बघ. उत्तर पटकन आलं नाही तर उठून ये.

"आम्ही गाडी पाठवतो, चार पोरं येऊन उचलून नेतील, तुम्ही फक्त पत्ता द्या," असं कोणी म्हणालं तर तिथं अजिबात पाठवू नको. साखळीनं बांधणं 2017 च्याच कायद्यानं पूर्णपणे बंद केलंय. अगदीच अवस्था वाईट असेल, तो स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला असेल, तर त्याच्या संमतीशिवाय दाखल करण्याची कायदेशीर वाट आहे. पण त्यासाठी तज्ज्ञांनी तपासून लिहून द्यावं लागतं, आणि एकदम तीस दिवसांपलीकडे ठेवता येत नाही. खांद्यावर टाकून नेलेला माणूस परत येतो तो बायकोवर राग धरून. अशा घरांचे किस्से मी पुष्कळ ऐकलेत, आणि त्यात दारू सुटल्याचे फार थोडे आहेत.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याच्या अनुदानावर चालणारी केंद्रंही असतात. जवळ कोणतं आहे ते 14446 वर विचार. कर्ज काढून, सोयाबीन घरात यायच्या आधीच विकून महागड्या जागी नेण्याची घाई करू नको.

तिसऱ्या कामाला पैसे जवळजवळ लागत नाहीत, लागतात ती माणसं. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, ज्याला सगळे ए.ए. म्हणतात, ते 1935 मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन गावात दोन पिणाऱ्या माणसांच्या भेटीतून उभं राहिलं. त्यातला एक स्वतः डॉक्टर होता. फी नाही, नाव-गाव विचारणं नाही. पिणं थांबवण्याची इच्छा असली की बसायला जागा. आपल्याकडच्या समूहात शिक्षक दिसतील, ऑटोवाले दिसतील, शेतकरी दिसतील. नवऱ्याला म्हणावं, एकदा नुसतं मागं बसून ऐका. आणि तुझ्यासाठी, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी, अल-ॲनॉन आहे. तिथं गेलं की आपल्यासारखंच दुसऱ्या बाईच्या घरी चाललंय हे ऐकून छातीवरचं ओझं उतरतं. कोणी वारकरी होऊन गळ्यात माळ घालतो, कोणी रिद्धपूरला महानुभाव पंथाचा उपदेश घेतो. त्याला नावं ठेवणारी मी नाही. माळेसोबत संगत बदलते, संध्याकाळी भजनाला जायला जागा मिळते, आणि नवं नातं जडतं. फक्त कापणारे हात माळेनं थांबत नाहीत. त्यासाठी आधी दवाखाना, मग माळ. किंवा दोन्ही सोबत.

गाडगेबाबांचं मी लेकींना नेहमी सांगते, कारण ते आपल्याच मातीतलं आहे. अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात 1876 साली त्यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूपायी अकाली गेले आणि लहानग्या देबूला, म्हणजे बाबांना, घेऊन आईला माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला जावं लागलं. पुढं देबूचं लग्न झालं, मुलगी झाली, बारसं आलं. जातीच्या रिवाजाप्रमाणे पंगतीला मटण आणि दारू हवीच होती. देबूनं गोडाचं जेवण वाढलं. लोक रुसले, बोलले, तरी तो हटला नाही. हातात खराटा घेऊन कीर्तनातून दारूवर तुटून पडणारे बाबा नंतरचे. आधी त्यांनी स्वतःच्या घरची पंगत बदलली. पोरी, तुलाही तेवढंच करायचंय. आपल्या घरच्या कार्यात बाटली फुटणार नाही, हे तुझ्या भावाला, दिराला, जावयाला आधीच सांगून ठेवायचं.

कारण माणूस पुन्हा कधी घसरतो याचं पंचांग आपल्याकडे ठरलेलं आहे. पोळ्याची कर. धुळवड. लग्नाची वरात. निवडणुकीची आदली रात्र. आणि सगळ्यात मोठा घात, कापसाचा किंवा सोयाबीनचा चुकारा हातात पडतो त्या दिवशी. बाजार समितीतून निघालेला माणूस घरी पोचेपर्यंत वाटेत किती जण भेटतात! म्हणून पहिलं वर्षभर मालाचे पैसे तुझ्या खात्यावर येतील, असं त्याच्याच संमतीनं, शुद्धीत असताना ठरवून घे. चोरून नको, ठरवून. करीच्या दिवशी दोघं लेकरांना घेऊन माहेरी जा, नाहीतर शेगावला दर्शनाला जा. पहिल्या वर्षी ज्या लग्नाला दारू असणार त्या लग्नाला अक्षता पडल्या की परत फिरायचं. जेवण, झोप आणि रागाचंही बघ; उपाशीपोटी, रात्रभर जागलेला, कोणाशी तरी भांडून आलेला माणूस लवकर घसरतो.

गावातल्या बायका आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून, मतदान मागत असतील तर त्यांच्यासोबत उभी राहा. गल्लीतलं दुकान उठलं तर सावरू पाहणाऱ्याला तेवढीच मदत होते. पण बंदी हा इलाज नव्हे. वर्धा जिल्ह्यात 1970 च्या दशकापासून दारूबंदी आहे. तिथल्या पिणाऱ्यालाही दवाखाना लागतोच.

मेळघाटात, कोरकूंच्या घरी, मोहाची दारू देवालाही चढते. तिथं "सगळी पाप आहे" म्हणून कोणी उपदेश करायला लागलं की माणसं दार लावून घेतात. देवाची धार वेगळी आणि रोजचं पिणं वेगळं, हे त्यांचे म्हातारेच चांगलं सांगतात. त्यांना सोबत घे.

दारूशिवाय बाकीच्या नशा आता आपल्या गावातही आल्यात. तरण्या पोरांच्या बाबतीत हे लक्षात ठेव. गर्द, ब्राऊन शुगर, अफूच्या जातीचं कोणतंही असो, त्यावर ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं आहेत आणि ती लांब काळ घ्यावी लागतात. "एक नशा सोडवून दुसरी दिली" असं म्हणून बंद करू नये. महिनाभर सुटलेली असताना पोरानं पूर्वीइतकाच डोस घेतला तर श्वास बंद पडू शकतो, कारण अंगाची सवय गेलेली असते. केंद्रातून आल्यानंतरचे दिवस म्हणूनच जोखमीचे. सुई वापरत असेल तर एचआयव्ही आणि काविळीची तपासणी करून घ्यावी. झोपेच्या बटन गोळ्या एकदम बंद केल्या तर दारूसारखीच फिट येते, त्याही हळूहळूच सोडायच्या. गांजा आणि एमडी म्हणजे मेफेड्रोन, यांवर अशी हमखास गोळी नाही. तिथं समुपदेशन, दिनक्रम, आणि मनाचा दुसरा आजार असेल तर त्याचा इलाज. पोलिसांच्या भीतीनं आईबाप पोराला लपवतात. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यातच 64 अ हे कलम आहे. थोडा माल सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला आणि त्यानं ते पूर्ण केले तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. वकिलाला हे कलम दाखव.

तंबाखूच्या खर्ऱ्याला आपण व्यसनात धरतच नाही. धर. तोंड पूर्ण उघडत नसेल, गालात पांढरा चट्टा असेल तर आजच दाखव. सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 वर मोफत बोलता येतं.

आता तुझ्याबद्दल. उपचार चालू आहेत म्हणून मार खायचा नसतो. हात उचलला तर 181 किंवा 112, आणि लेकरांना घेऊन शेजारी, माहेरी, जिथं जमेल तिथं. त्याचा आजार समजून घेणं आणि त्याचा मार सोसणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आणि घरात फवारणीचं औषध ठेवू नको. शेतावरच्या कोठडीत कुलूप लावून ठेव, चावी दिराकडे दे. दारू सुटताना आणि सुटल्यावर सुरुवातीच्या दिवसांत मन फार खचतं, कर्ज एकदम डोळ्यांपुढं येतं. तो "मी आता जगून काय करू" असं बोलला तर ते नाटक समजू नको. जवळ बस, सरळ विचार, एकटा सोडू नको आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांग. लेकरांनाही खरं सांग, त्यांना झेपेल तेवढं: बाबा आजारी आहेत, इलाज चालू आहे, आणि यात तुमची काही चूक नाही. लेकरं मनात स्वतःलाच दोष देत बसतात, हे कोणी विचारल्याशिवाय कळत नाही.

आणि तो पुन्हा प्यायलाच, तर? बरेच जण पितात, पहिल्या वर्षात तर पितातच. त्या रात्री काही बोलू नको. जेवू घाल, झोपू दे. डायसल्फिराम चालू असताना प्यायला असेल तर मात्र सकाळची वाट न बघता तेव्हाच दवाखान्यात ने. एरवी सकाळी उठल्यावर विचार, कुठं होता, कोण होतं, गोळ्या कधीपासून बंद आहेत. ही उत्तरं एका कागदावर लिही. मग जुना केसपेपर शोध आणि त्याच ओपीडीत जा. नवा केसपेपर काढला तर मागची औषधं, मागची फिट, लिव्हरचा रिपोर्ट, सगळं नव्यानं सांगावं लागतं, आणि घाईत नेमकी फिटचीच गोष्ट सांगायची राहते. पेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेव, आणि ती पिशवी रेशनकार्ड जिथं ठेवतेस तिथंच ठेव.